ब्रिटनच्या पंतप्रधानाची सत्ता कुणाच्या जिवावर चालते?

राज्यशास्त्राच्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे: "मार्गारेट थॅचर सलग तीन सार्वत्रिक निवडणुका जिंकल्या. १९८७ मध्ये त्यांच्याकडे शंभराहून जास्त जागांचं बहुमत होतं. तरी १९९० मध्ये त्यांच्याच पक्षाने त्यांना काढलं. मग ब्रिटिश पंतप्रधान जवळजवळ सर्वशक्तिमान असतो असं आमच्या पुस्तकात का लिहिलंय? आणि आपल्याच नेत्यांना काढणारा हुजूर पक्ष महायुद्धानंतर एवढी वर्षं सत्तेत राहिला कसा?"

मी सत्तावीस वर्षं तौलनिक शासनपद्धती शिकवतो आहे. वरवर पाहता हे दोन वेगळे प्रश्न आहेत, पण माझ्या मते दुसऱ्याचं उत्तर पहिल्यातच आहे. हुजूर पक्ष, म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्ह, इतका काळ सत्तेत राहिला, त्याचं एक मोठं कारण म्हणजे नेता बुडायला लागला की त्याच्याबरोबर बुडायला तो पक्ष तयार नसायचा.

आधी हिशेब मांडू. जुलै १९४५ ते जुलै २०२४ ही ७९ वर्षं. त्यातली साधारण ४९ हुजूर पक्षाकडे आणि ३० मजूर (लेबर) पक्षाकडे गेली. हुजूर पक्षाचे सलग कालखंड पाहा: १९५१ ते १९६४ ही १३ वर्षं, १९७९ ते १९९७ ही १८ वर्षं, २०१० ते २०२४ ही १४ वर्षं. मध्ये एडवर्ड हीथ यांची पावणेचार वर्षं. आता दुसरी मोजणी करा, जी पाठ्यपुस्तकात सहसा नसते. क्लेमंट अ‍ॅटली ते कीर स्टार्मर असे अठरा जण पंतप्रधान झाले. त्यातले दहा जण या काळात पहिल्यांदा त्या पदावर आले ते सार्वत्रिक निवडणूक न होताच: ईडन, मॅकमिलन, डग्लस-होम, कॅलहॅन, मेजर, ब्राऊन, मे, जॉन्सन, ट्रस आणि सुनक. म्हणजे निम्म्याहून जास्त पंतप्रधान मतदाराने आधी निवडलेलेच नव्हते. पक्षाने आतल्या आत नेता बदलला आणि राणीने किंवा राजाने त्याला बोलावून घेतलं. (ईडन यांनी लगेच निवडणूक घेऊन कौल मिळवला, ही गोष्ट वेगळी.)

यात बेकायदा काही नाही. ब्रिटनमधला मतदार फक्त आपल्या मतदारसंघाचा खासदार निवडतो. कॉमन्स या कनिष्ठ सभागृहाचा विश्वास ज्याच्यावर आहे तो पंतप्रधान. हे आपल्यालाही ओळखीचं आहे, आपली संसदीय पद्धत तिथूनच आली. पण इथेच आपला विद्यार्थी एक चूक हमखास करतो: तो ब्रिटिश खासदाराला आपल्या खासदारासारखा समजतो. आपल्याकडे १९८५ पासून पक्षांतरबंदी कायदा आहे. पक्षादेश मोडून मतदान केलं तर सदस्यत्व जाऊ शकतं. ब्रिटनमध्ये असा कायदा नाही. प्रतोदाचं न ऐकता मतदान केलं तर पक्ष तुम्हाला संसदीय गटातून बाहेर काढू शकतो, पुढच्या वेळी उमेदवारी नाकारू शकतो, पण तुमची जागा तुमचीच राहते.

१८ मार्च २००३ ला इराक युद्धाच्या ठरावावर मजूर पक्षाच्या १३९ खासदारांनी आपल्याच सरकारविरुद्ध भूमिका घेतली. एकाचीही जागा त्यामुळे गेली नाही. जानेवारी २०१९ मध्ये थेरेसा मे यांचा युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा करार २३० मतांनी पडला, कारण त्यांच्याच ११८ खासदारांनी विरोधात मत दिलं. दुसऱ्याच दिवशी सरकारवर अविश्वासाचा ठराव आला, तेव्हा हेच खासदार सरकारच्या बाजूने उभे राहिले आणि सरकार वाचलं. सरकार आमचं, पण तुमचा करार आम्हाला नको, हे चोवीस तासांत सांगता येतं. आपल्या विधानसभांमध्ये गेल्या काही वर्षांत जे पाहिलं त्याच्या चष्म्यातून हे पाहिलं तर काहीच कळणार नाही.

पंतप्रधानाकडे हत्यारं नाहीत असं नाही. मंत्री नेमणं आणि काढणं त्याच्या हातात असतं. कॉमन्समध्ये मंत्र्यांची कायदेशीर कमाल मर्यादा ९५ आहे. त्यांचे संसदीय सहायक धरले तर सरकारच्या बाजूने बांधलेल्या मतांचा मोठा गठ्ठा तयार होतो. सामूहिक जबाबदारीमुळे मंत्र्याला उघडपणे विरोध करता येत नाही. करायचा तर राजीनामा द्यावा लागतो. पुस्तकातला "सर्वशक्तिमान" हा शब्द या हत्यारांकडे बघून आला आहे. पण ती वापरण्याची परवानगी मागच्या बाकांवर बसलेल्या, मंत्री नसलेल्या खासदारांकडून आलेली असते, आणि ते ती परत मागू शकतात. आपल्या भाषेत सांगायचं तर ही उसनवारीची सत्ता आहे.

अ‍ॅटलींपासून सुरुवात करू. मराठी वाचकाला अ‍ॅटली दोन कारणांनी माहीत असतात: सायमन कमिशनचे सदस्य म्हणून ते भारतात आले होते, आणि २० फेब्रुवारी १९४७ ला सत्तांतराची घोषणा त्यांच्या सरकारने केली. १९४५ च्या निवडणुकीत त्यांच्या मजूर पक्षाला ३९३ जागा मिळाल्या. एवढा मोठा विजय, तरी निकालाच्या दिवशीच पक्षातले प्रतिस्पर्धी हर्बर्ट मॉरिसन यांचं म्हणणं होतं की नव्या खासदारांनी आधी नेता निवडावा, मग सरकार बनवावं. अ‍ॅटलींच्या पाठीशी उभे राहिले अर्नेस्ट बेव्हिन, कामगार संघटनांमधून आलेले धिप्पाड नेते. त्यांच्या सल्ल्याने अ‍ॅटली थेट राजवाड्यावर गेले आणि प्रश्न संपला. दोन वर्षांनी, सप्टेंबर १९४७ मध्ये, आर्थिक संकटाच्या काळात स्टॅफर्ड क्रिप्स स्वतः अ‍ॅटलींकडे गेले आणि बेव्हिनसाठी जागा सोडा म्हणाले. अ‍ॅटलींनी समोरचा फोन उचलून बेव्हिनलाच विचारलं. बेव्हिनला ते पद नको होतं. मग अ‍ॅटलींनी क्रिप्स यांनाच आर्थिक व्यवहारांचं नवं खातं दिलं आणि ते कामाला लागले.

हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. अ‍ॅटलींकडे वक्तृत्व नव्हतं, करिष्मा नव्हता. पण आपली सत्ता नेमकी कोणाच्या खांद्यावर उभी आहे हे त्यांना अचूक माहीत होतं. आणि ज्या माणसाच्या नावाने बंड होतंय, तोच आपला आधार आहे हेही.

त्याच मजूर पक्षाचं पुढे काय झालं तेही पाहा. एप्रिल १९५१ मध्ये कोरियन युद्धासाठी शस्त्रांवरचा खर्च वाढवायचा म्हणून चष्मे आणि कवळ्यांवर शुल्क लावायचं ठरलं. मोफत राष्ट्रीय आरोग्य सेवा उभी करणारे अ‍ॅन्युरिन बेव्हन यांनी राजीनामा दिला, त्यांच्याबरोबर हॅरोल्ड विल्सनही बाहेर पडले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सत्ता गेली आणि पुढची बरीच वर्षं पक्ष बेव्हन गट विरुद्ध (ते शुल्क लावणारे अर्थमंत्री) गेट्सकेल यांचा गट या भांडणात अडकला. हुजूर पक्षाच्या वर्चस्वाचा मोठा हिस्सा समोरच्याच्या फुटीने दिलेला आहे, हे लक्षात ठेवा. १९८१ मध्ये रॉय जेन्किन्स, डेव्हिड ओवेन, शर्ली विल्यम्स आणि बिल रॉजर्स मजूर पक्ष सोडून गेले आणि त्यांनी सोशल डेमोक्रॅटिक पक्ष काढला तेव्हा याचीच मोठी पुनरावृत्ती झाली.

दुसरं कारण हुजूर पक्षाच्या लवचीकपणाचं. १९५१ मध्ये चर्चिल परत आले तेव्हा त्यांनी आरोग्य सेवा मोडली नाही, कोळसा आणि रेल्वे परत खाजगी केल्या नाहीत. पोलाद केलं, १९५३ मध्ये. उलट वर्षाला तीन लाख घरं बांधू असं वचन देऊन गृहनिर्माण खातं हॅरोल्ड मॅकमिलनकडे सोपवलं, आणि १९५३ मध्ये तो आकडा गाठून दाखवला. विरोधकाने बांधलेलं घर पाडायचं नाही, त्यात राहायला जायचं आणि वर एक मजला चढवायचा. १९५९ पर्यंत मतदाराला दोन पक्षांत निवड करायची होती ती कोण जास्त नीट चालवेल एवढीच, आणि तिथे हुजूर पक्ष सरस ठरत गेला.

सुएझ प्रकरणात नेता बदलण्याची कला दिसते. २६ जुलै १९५६ ला इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी सुएझ कालवा ताब्यात घेतला. पंतप्रधान ईडन यांनी फ्रान्स आणि इस्रायलबरोबर गुप्त संगनमत करून लष्करी कारवाई केली. अमेरिकेने पौंडाला आधार द्यायला नकार दिला आणि ६ नोव्हेंबरला शस्त्रसंधी करावी लागली. तेव्हाचे अर्थमंत्री मॅकमिलन आधी कारवाईच्या बाजूने सर्वांत पुढे होते, आणि पौंड घसरू लागल्यावर माघारीच्या बाजूनेही सर्वांत पुढे. ९ जानेवारी १९५७ ला ईडन प्रकृतीचं कारण देऊन गेले. वारस म्हणून सगळ्यांना रॅब बटलर दिसत होते. ईडन विश्रांतीसाठी जमैकाला गेले असताना कारभार त्यांनीच सांभाळला होता. पण मंत्र्यांना एकेक करून ज्येष्ठ मंत्री लॉर्ड सॉल्सबरी यांच्यासमोर बोलावलं गेलं, बटलर की मॅकमिलन एवढंच विचारलं गेलं, आणि कौल मॅकमिलनकडे गेला. ना मतपेटी, ना जाहीर प्रचार. पावणेतीन वर्षांनी त्याच पक्षाने शंभर जागांच्या बहुमताने निवडणूक जिंकली. सुएझसारखी नाचक्की झालेला पक्ष! नेता गेला आणि अपयशही त्याच्याबरोबर गेल्यासारखं झालं.

मॅकमिलन यांनी १३ जुलै १९६२ ला एका फटक्यात मंत्रिमंडळातले सात जण काढले, अर्थमंत्री सेल्विन लॉइड यांच्यासह. पुस्तकं हे ताकदीचं उदाहरण म्हणून देतात. मी उलट वाचतो. घाबरलेला पंतप्रधानच असा एकदम वार करतो. त्या दिवसानंतर मागच्या बाकांवरच्या प्रत्येकाला वाटू लागलं की हा माणूस स्वतःला वाचवण्यासाठी कोणालाही सोडेल, आणि सव्वा वर्षात मॅकमिलनही गेले.

आता थॅचर. तुमच्या प्रश्नाचं मूळ इथे आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

१९८३ चा विजय आधी नीट बघा. हुजूर पक्षाची मतं १९७९ मध्ये ४३.९ टक्के होती, १९८३ मध्ये ४२.४ टक्के झाली. मतं घटली आणि जागा ३३९ वरून ३९७ वर गेल्या. कारण विरोधी मतं फुटली: मजूर पक्षाला २७.६ टक्के आणि २०९ जागा, तर उदारमतवादी व सोशल डेमोक्रॅट आघाडीला २५.४ टक्के मतं मिळूनही फक्त २३ जागा. मतदारसंघात ज्याला सर्वाधिक मतं तो विजयी, या पद्धतीचा हा गणिती चमत्कार. १९८२ मध्ये अर्जेंटिनाशी झालेल्या फॉकलंड युद्धाचा परिणाम होताच, पण त्या प्रचंड बहुमताचा पाया समोरच्या फुटीत होता. सात वर्षांनी, महागाई आणि पोल टॅक्सच्या काळात, त्यांचेच खासदार आपापल्या मतदारसंघात जाऊन मतं मोजू लागले.

पोल टॅक्स म्हणजे घराच्या किमतीवरचा स्थानिक कर काढून माणशी सारखा कर. बंगल्यातल्या माणसाला जेवढा, चाळवजा खोलीतल्या माणसाला जवळपास तेवढाच. स्कॉटलंडमध्ये १९८९ ला, इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९० ला तो लागू झाला. ३१ मार्च १९९० ला लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात दंगल झाली. व्याजदर १५ टक्क्यांवर होता, म्हणजे घराचे हप्ते भरणारा मध्यमवर्ग, थॅचर यांचा हक्काचा मतदार, तोच पिळवटून निघत होता. ऑक्टोबरमध्ये ईस्टबोर्नची सुरक्षित जागा पोटनिवडणुकीत गेली.

मग १ नोव्हेंबरला उपपंतप्रधान जेफ्री हाऊ यांनी राजीनामा दिला. १९७९ च्या पहिल्या मंत्रिमंडळातले ते शेवटचे शिल्लक सदस्य. १३ नोव्हेंबरला त्यांनी कॉमन्समध्ये जे भाषण केलं, ते आवाज न चढवता केलेलं होतं. युरोपशी वाटाघाटी करणाऱ्या मंत्र्यांची अवस्था सांगताना त्यांनी क्रिकेटचा दाखला दिला: सलामीच्या फलंदाजांना मैदानावर पाठवायचं, आणि पहिला चेंडू पडताना त्यांना कळावं की सामन्याआधीच कप्तानाने त्यांच्या बॅटी मोडून ठेवल्या आहेत. दुसऱ्या दिवशी माजी मंत्री मायकेल हेसेल्टाइन नेतेपदासाठी उभे राहिले.

मतदान फक्त हुजूर खासदारांचं, ३७२ जणांचं. २० नोव्हेंबरला थॅचर पॅरिसला परिषदेत होत्या. त्यांना २०४ मतं, हेसेल्टाइनना १५२, सोळा जणांनी कोणालाच दिलं नाही. साधं बहुमत मिळालं, पण नियमाप्रमाणे एकूण मतदारांच्या १५ टक्के इतकी आघाडी लागत होती, म्हणजे ५६. आघाडी होती ५२ ची. चार मतं कमी पडली.

दर वर्षी मी वर्गात पुढच्या दिवसाचा प्रयोग करतो. २१ नोव्हेंबरला थॅचर यांनी मंत्र्यांना एकेकटं बोलावून विचारलं. मी विद्यार्थ्यांना मंत्री करतो, एकेकाला वर्गाबाहेर नेऊन विचारतो: तुम्ही काय सांगाल? जवळपास प्रत्येक जण तेच सांगतो जे खऱ्या मंत्र्यांनी सांगितलं: माझा पाठिंबा आहे, पण तुम्ही जिंकणार नाही. समोरासमोर विरोध कोणी करत नाही, आणि तरी निर्णय होऊन जातो. एकत्र बैठक घेतली असती तर कदाचित निष्ठेच्या घोषणा ऐकू आल्या असत्या. २२ नोव्हेंबरला त्यांनी माघार जाहीर केली. साडेअकरा वर्षांच्या कारकिर्दीत एकही सार्वत्रिक निवडणूक त्या हरल्या नव्हत्या.

आणि पक्ष? जॉन मेजर नेते झाले, पोल टॅक्स रद्द करायचं जाहीर झालं, आणि १९९२ मध्ये हुजूर पक्षाला एक कोटी चाळीस लाखांवर मतं मिळाली. तोवर ब्रिटनमध्ये कोणत्याही पक्षाला एवढी मतं मिळाली नव्हती. बहुमत मात्र फक्त २१ जागांचं. सरकार तेच, पक्ष तोच, पण मतदाराला बदल झाल्यासारखं वाटलं. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर या सोळा महिन्यांत आहे.

मजूर पक्षाला हे कधी जमलं नाही. युद्धानंतर त्यांनी आपला पंतप्रधान मतदान घेऊन काढल्याचं एकही उदाहरण नाही. विल्सन १९७६ मध्ये स्वतःहून गेले. ब्लेअर यांच्यावर २००६ च्या सप्टेंबरमध्ये कनिष्ठ मंत्र्यांच्या राजीनाम्यांचा दबाव आला, त्यांनी वर्षभरात जाईन असं सांगितलं आणि जून २००७ मध्ये गेले. ब्राऊन यांना हटवायचे प्रयत्न २००९ आणि २०१० मध्ये फसले. नियम अवघड होते हे एक कारण. पण चळवळीतून आलेल्या पक्षात नेत्याला पाडणं हा विश्वासघात मानला जातो, हे त्याहून मोठं कारण आहे असं मला वाटतं. आणि वारस आणूनही त्यांना फायदा झाला नाही: कॅलहॅन आणि ब्राऊन दोघेही पुढची निवडणूक हरले.

मग हुजूर पक्षाची ही हातोटी २०२२ मध्ये का फसली? इथे एक बदल लक्षात घ्यायला हवा. १९६५ पासून हुजूर पक्षात नेता खासदार मतदानाने निवडत. १९९८ मध्ये तेव्हाचे पक्षनेते विल्यम हेग यांनी नियम बदलले: खासदारांनी दोन नावं उरवायची, अंतिम निवड देशभरच्या पक्षसदस्यांनी करायची. मजूर पक्षाने खासदारांचा एकाधिकार त्याआधीच, १९८१ मध्ये, संपवला होता. उद्देश लोकशाहीचा होता, आणि मी तो हलका लेखत नाही. पण आता सत्ता उसनी देणारे एक आणि नेता निवडणारे दुसरे, अशी स्थिती झाली. २०१६ मध्ये मजूर पक्षाच्या खासदारांनी आपले नेते जेरेमी कॉर्बिन यांच्यावर १७२ विरुद्ध ४० असा अविश्वास दाखवला, तरी सदस्यांच्या जोरावर ते राहिले. २०२२ मध्ये जॉन्सन यांच्यानंतर नेता निवडताना शेवटच्या फेरीत हुजूर खासदारांची मतं होती सुनक १३७, ट्रस ११३, मॉर्डंट १०५. सदस्यांनी ट्रस यांना निवडलं. म्हणजे दोन तृतीयांश खासदारांनी ज्यांना त्या फेरीत निवडलं नव्हतं, अशी व्यक्ती पंतप्रधान झाली. २३ सप्टेंबरच्या करकपातीच्या घोषणेनंतर पौंड कोसळला, सरकारी रोख्यांचा बाजार सावरायला बँक ऑफ इंग्लंडला उतरावं लागलं, आणि खासदारांनी आधार काढून घ्यायला वेळ लावला नाही. ट्रस ४९ दिवस पदावर होत्या.

२०१६ ते २०२२ या सहा वर्षांत पाच पंतप्रधान झाले. जो उपाय पूर्वी तीस-पस्तीस वर्षांत एकदा मोठ्या संकटात वापरला जायचा, तो दर दोन-तीन वर्षांनी वापरला गेला, आणि मतदाराला नव्या चेहऱ्यामागे जुनंच सरकार दिसू लागलं. २०२४ मध्ये हुजूर पक्ष १२१ जागांवर आला.

तुमच्या पुस्तकातल्या वाक्याबद्दल: ते चूक नाही, अर्धवट आहे. त्याच्या समासात २०२४ चा निकाल लिहून ठेवा. १९५१ मध्ये दोन मोठ्या पक्षांना मिळून जवळपास ९७ टक्के मतं होती. २०२४ मध्ये ५७ टक्के. मजूर पक्षाला ३३.७ टक्के मतांवर ४११ जागा मिळाल्या. ब्लेअर यांना १९९७ मध्ये जवळपास तेवढ्याच जागा ४३ टक्के मतांवर मिळाल्या होत्या. या चारशेअकरांपैकी कितीतरी जण थोडक्या फरकाने निवडून आले आहेत, आणि पोटनिवडणुकीचा प्रत्येक निकाल ते आपल्या मतदारसंघाचा आकडा शेजारी ठेवून वाचणार.